सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या

मी चॅनेलवर माणसं आणते. बातम्या आणणारे वेगळे, कॅमेरे धरणारे वेगळे. रोज संध्याकाळी सातच्या चर्चेत जी दोन डोकी एकमेकांवर खेकसतात, ती वेळेवर, केस विंचरून, पावडर लावून आपापल्या खुर्चीत नेऊन बसवायची, हे माझं काम. आठ वर्षं हेच करते आहे. तेवढ्या काळात खुर्चीत बसणाऱ्यांबद्दलचं माझं मत वाईट झालं आणि घरी बसून त्यांना बघणाऱ्यांबद्दलचं त्याहून वाईट.

चर्चेचा नियम एकच. बाजू दोन हव्यात, खुर्च्या दोन हव्यात आणि दोघांना वेळ सारखा. "एकच बाजू असली की ते प्रवचन होतं," असं आमचे संपादक म्हणतात आणि म्हणून झाल्यावर आपण काय छान बोललो म्हणून स्वतःच मान हलवतात. निवेदकाला आम्ही पाठीमागे भोंगा म्हणतो. त्याला विषय कुठलाही द्या, तो दोन्ही हात पसरतो आणि विचारतो, "मग सत्य नक्की कुठे आहे?" ते कुठे आहे हे त्याला कोणी सांगितलंच तर तो ब्रेक घेतो.

तीन वर्षांपूर्वी समुद्राचं पाणी खालच्या बाजारात दुसऱ्यांदा शिरलं, तेव्हा संपादकांना हवामानाची आठवण झाली. विषय ठरला, 'हवा खरंच तापतेय का?' सकाळी दहाला मला सांगितलं, सातला कार्यक्रम. मी फोन लावायला बसले. विद्यापीठ झालं, वेधशाळा झाली, समुद्राचा अभ्यास करणारी संस्था झाली. जो उचलेल तो म्हणे, हो, तापतेय, कोळसा आणि तेल जाळून माणसानेच तापवलीय, यावर आता वाद उरलेला नाही. मी म्हणे, ते ठीक आहे हो, पण उलट बोलणारं कोणी आहे का तुमच्याकडे? एक जण खो खो हसला. एकाने फोन ठेवला. एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने मात्र मनापासून आठवून बघितलं आणि म्हणाला, "होता एक. पण आकडे बघून त्याचंही मत बदललं." दुपारी तीनपर्यंत माझ्या फोनमध्ये त्रेचाळीस नंबर जमले होते, सगळे एकाच बाजूचे.

खरं तर बातमी तीच होती. ही माणसं एरवी एकमेकांचे लेख फाडून खातात, एकाचं दुसऱ्याला पटत नाही, आणि एवढ्या एका गोष्टीवर सगळी हो म्हणतात. मी संपादकांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "सगळेच हो म्हणतायत तर निवेदक करणार काय, मान डोलावणार? दुसरी बाजू आण."

दुसरी बाजू मला मेकअप रूममध्ये मिळाली. स्टुडिओचा एसी बंद पडला होता, तो दुरुस्त करायला आलेला माणूस फिल्टर धुऊन, गॅस भरून, आरशासमोर चहा पीत बसला होता आणि मेकअपवालीला सांगत होता की हे हवा तापणं वगैरे सगळं थोतांड आहे. "तीस वर्षं हवेतच काम करतोय मी. हवेचं मला विचारा." साठीचा माणूस, पांढरे केस, नीट कापलेली मिशी, आवाज असा की खोलीतली बाकीची माणसं आपोआप गप्प बसावीत. मी घड्याळ बघितलं. चार वाजून गेले होते.

"टीव्हीवर बोलाल का?" मी विचारलं.

"बोलीन की. घाबरतो काय कोणाला?"

भोंग्याचा एक जादाचा कोट कपाटात असतो, तो त्याला चढवला. खांद्यात सैल झाला, पण बसल्यावर कोणाला दिसणार होतं? मग आमची ग्राफिक्सवाली विचारायला आली, पडद्यावर याच्या नावाखालच्या पट्टीवर काय लिहू. मी म्हटलं, "हवामान अभ्यासक." खोटं होतं, मला ठाऊक होतं, पण पावणेसात झाले होते. पुढची करामत तिची. तिचा एक हट्ट आहे, दोन्ही पाहुण्यांच्या पट्ट्या सारख्या लांबीच्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर पडदा एका बाजूला कललेला वाटतो. समोर त्या दिवशी विद्यापीठाच्या प्राध्यापिका होत्या, सागरी हवामान विभागाच्या प्रमुख, बावीस वर्षं समुद्राची पातळी मोजणाऱ्या. एवढं पट्टीत मावेना, म्हणून तिने ते कापून नुसतं 'प्राध्यापिका, हवामान विभाग' केलं. एसीवाल्याचं आखूड पडत होतं, म्हणून ओढून 'ज्येष्ठ हवामान अभ्यासक व विश्लेषक' केलं. दोन्ही पट्ट्या अगदी बरोबरीच्या झाल्या. मी बघितलं आणि ठीक आहे म्हटलं.

कार्यक्रम तुफान चालला. प्राध्यापिकाबाई आकडे सांगत होत्या, मधेच थांबून "इथे थोडी अनिश्चितता आहे" असं प्रामाणिकपणे म्हणत होत्या, आणि ते शब्द पकडून आमचे कूलरकाका (हे नाव त्याच रात्री पडलं) टेबलावर हात आपटत होते, "बघा, यांचंच नक्की नाही!" त्यांना काहीही येत नसल्यामुळे त्यांचं सगळं नक्की होतं. शेवटी भोंग्याने हात पसरले, सत्य कुठे आहे विचारलं, आणि जाहिराती लागल्या.

त्यानंतर महिन्यातून एकदा तरी काका यायला लागले. आधी एसीची हत्यारं गाडीत ठेवून यायचे, पुढे हत्यारं आणायचे बंद झाले. कोट मात्र भोंग्याचाच राहिला. लोक पत्रं लिहायचे त्यांना. आम्ही एकदा प्रेक्षकांना विचारलं, शंभर हवामान शास्त्रज्ञांपैकी किती जणांना वाटतं की हे माणसामुळे होतंय? सगळ्यांत जास्त लोकांनी उत्तर दिलं, पन्नास. जगभरचे शास्त्रज्ञ जवळजवळ सगळेच एका बाजूला आहेत, आणि आमचे प्रेक्षक म्हणाले पन्नास! मी पोट धरून हसले. डोकं नावाची वस्तू या लोकांना टोपी ठेवायला दिलीय, असं मी कँटीनमध्ये सगळ्यांना ऐकवलं. दोन खुर्च्या दिसल्या की यांनी बेरीज केली आणि अर्धे अर्धे वाटून टाकले. एक माणूस आयुष्यभर भरतीचं पाणी मोजतो आणि दुसरा एसीत गॅस भरतो, यात यांना फरक दिसत नाही. असल्या लोकांसाठी आपण केस विंचरलेली माणसं आणतो हेही जास्तच आहे, असं मला वाटायचं. मला ते अगदी मनापासून वाटायचं, आणि वाटून बरंही वाटायचं.

प्राध्यापिकाबाई चौथ्या वेळी आल्या तेव्हा पावडर लावून घेता घेता त्यांनी मला विचारलं, "मी आज आले नसते तर?"

"दुसरं कोणीतरी आलं असतं, मॅडम. तुमच्या बाजूचे माझ्याकडे पुष्कळ आहेत."

"आणि समोरचे ते काका आले नसते तर?"

"मग कार्यक्रमच झाला नसता. त्यांच्यासारखं दुसरं कोणी मिळत नाही."

"म्हणजे कार्यक्रम त्यांच्यावरच चालतो," त्या म्हणाल्या. "मी नुसती समोरची खुर्ची भरते." त्यानंतर त्या आल्या नाहीत. मी त्रेचाळिसांतला पुढचा नंबर फिरवला.

आता माझ्या आईबद्दल. आई खालच्या भागात राहते, समुद्राच्या बाजूने दुसऱ्या गल्लीत, तळमजल्यावर. बाहेरच्या खोलीत तिचं शिवणकाम चालतं. पाय मारायचं मशीन, कापायचं लांब टेबल, उंच आरसा, आणि भिंतीला टांगलेल्या अर्धवट पँटी. शाळेचे गणवेश आणि कोट यांत तिचा हात धरणारं कोणी नाही. मोठं उधाण आलं की पाणी दारातून आत येतं आणि तासाभराने जातं. पूर्वी दोन-तीन वर्षांतून एकदा यायचं, हल्ली वर्षातून चार वेळा येतं. पहिल्यांदा तिने मशीनखाली एकेक वीट ठेवली. मग दोन. आता तीन आहेत, आणि तिला पाय मारायला उंच स्टुलावर बसावं लागतं.

पालिकेने या दोन गल्ल्यांना पत्रं पाठवली. ज्यांना हवं त्यांनी इथली जागा सोडायच्या संमतीच्या कागदावर सही करावी, वरच्या भागात तेवढीच जागा मिळेल, तळमजल्यावरच, दुकानासाठी. मुदत महिनाअखेरच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. त्यानंतर यादी बंद, आणि समुद्राकडच्या भिंतीची दुरुस्ती पालिका करणार नाही. जे राहतील ते आपल्या जबाबदारीवर. शेजारच्या बहुतेकांनी सही केली. आईने केली नाही.

दादाने मला फोन केला. तो दूरच्या शहरात असतो, जहाजांची इंजिनं बघतो. "माझं ऐकत नाहीये. तू जा. तुझं ऐकते ती, तू टीव्हीवाली ना!"

रविवारी गेले. आई एका कोटाची बाही उसवत बसली होती. मी पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "सही का नाही करत?"

"कशाला घाई? अजून शास्त्रज्ञांचंच ठरत नाहीये," आई म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कोणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? बघते ना मी रोज. एक म्हणतात पाणी चढत राहणार, दुसरे म्हणतात दर साठ-सत्तर वर्षांनी चढतं नि आपोआप उतरतं. दोघंही मोठी माणसं. त्यांचं ठरू दे, मग बघू. चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक सोडून तिकडे टेकाडावर जाऊन बसू, नि इकडे पाणी उतरलं तर?" मग हसून म्हणाली, "मला तर ते तुझे मिशीवाले सरच पटतात. साधा माणूस आहे. अंगावरचा कोट उसना असतो त्यांच्या. खांदे बघ, दोन बोटं खाली उतरतात. लबाड माणूस असता तर आधी स्वतःच्या मापाचा शिवून घेतला असता."

तीन वर्षांत लाखो लोकांनी तो कोट बघितला असेल. तो उसना आहे हे एकट्या माझ्या आईने ओळखलं, आणि त्यावरून माणूस खरा ठरवला. मी तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ती पुढे म्हणाली, "आणि तू आणतेस ना त्यांना? मग? तू काय रस्त्यावरच्या कोणालाही नेऊन बसवशील?" एवढ्या कौतुकाने म्हणाली की मी नुसतं पत्र तिच्यापुढे सरकवलं. "विचार कर," एवढंच बोलून मी निघाले. मला लाज वाटली म्हणून मी गप्प बसले, दुसरं काही नाही.

सोमवारी संपादकांकडे गेले. म्हटलं, काकांना बंद करा, आणि ते कोण आहेत ते एकदा सांगून टाका. ते म्हणाले, "आपण कधी म्हटलं ते शास्त्रज्ञ आहेत? अभ्यासक म्हटलं. अभ्यास कोणीही करू शकतो." वर मलाच समजावलं की प्रेक्षक सुज्ञ आहे, त्याला दोन्ही बाजू द्याव्यात, तो ठरवतो. कँटीनमध्ये हाच माणूस माझ्याइतकाच मोठ्याने हसला होता, पन्नासवर.

मग काकांनाच गाठलं. म्हटलं, माझ्या आईला एक फोन करा, सही करा म्हणावं, तुमचं ऐकेल ती. काकांनी मिशीवरून बोट फिरवलं. "नाही हो जमणार. लोकांचा माझ्यावर विश्वास आहे. एकीला एक नि दुसऱ्याला एक, असं मी बोलत नाही."

"काका, तुम्ही एसी दुरुस्त करायला आला होतात," मी म्हटलं.

"सुरुवात सगळ्यांची कुठून तरी होतेच," ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली, औषधालाही सापडली नाही. तीन वर्षं पट्टी वाचून वाचून त्यांना ती खरी वाटायला लागली होती. जाता जाता विचारलं, राहता कुठे? "वर, टेकाडावर. मुलाने घेतलं गेल्या वर्षी. खाली फार दमट होतं." आणि हे सांगताना त्यांना काही म्हणजे काही खटकलं नाही.

शुक्रवारी मी सुट्टी घेतली. दुपारी साडेतीनला आईकडे पोचले. पालिकेची कचेरी तिथून दहा मिनिटांवर. संमतीचा कागद भरून आणला होता, सही तेवढी बाकी होती. आई गणवेशाच्या पँटींना काजं करत होती. मी स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. एसी, गॅस, चार वाजलेले, भोंग्याचा कोट, 'हवामान अभ्यासक' हे शब्द माझे, ग्राफिक्सवालीची मोजमापं. काही लपवलं नाही. सांगताना मला उगाचच हलकं वाटत होतं. मला वाटलं आता ती रागावेल, चार शिव्या घालेल आणि सही करेल.

आईने सुई कापडात टोचून ठेवली. "म्हणजे त्यांना यातलं काही कळत नाही?"

"काहीही नाही."

"आणि त्या समोरच्या बाई? नि नंतर यायचे ते सगळे?"

"ते खरे आहेत. ते खरंच शास्त्रज्ञ आहेत, आई. माझ्याकडे त्रेचाळीस जण आहेत आणि सगळे एकच सांगतात."

"त्यांना कोणी आणलं?"

"मीच."

"त्यांच्या नावाखाली काय लिहायचं ते कोण ठरवतं?"

मी म्हटलं, "मीच. पण ते खरं असतं."

"हे पण खरं आहे असंच वाटत होतं मला," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी उठले. तिला धरून भिंतीपाशी नेलं, ओल दाखवली, मशीनखालच्या विटा दाखवल्या. म्हटलं, मला सोड, चॅनेलला सोड, डोळ्यांना दिसतंय ते तरी बघ!

"ओल मला दिसते गं. पुसते मीच," ती म्हणाली. "पाणी आलं ते भिंत सांगते. वीस वर्षांनी किती येईल, की नाहीच येणार, ते भिंत कुठून सांगणार? ते शिकलेल्यांनी सांगायचं असतं. मी शिकले नाही, म्हणून रोज सातला मशीन थांबवून बसायचे. म्हटलं, माझी मुलगी निवडून निवडून माणसं आणते, तर ऐकावं. दोघांचं पटत नाही म्हणजे प्रश्न अवघड असणार, असं समजून थांबले. मूर्ख होते मी?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. पण तीन वर्षं मी कँटीनमध्ये तेच म्हणत आले होते, हिलाच, नाव माहीत नसताना. त्या पन्नास म्हणणाऱ्यांत ही होती. हिने काही वेडेपणा केला नव्हता. मी जे दाखवलं ते हिने जसंच्या तसं मोजलं होतं.

"आई, मी पाया पडते तुझ्या. दादाला विचार. कोणालाही विचार. फक्त सही कर."

"दादाला तूच सांगितलं असशील."

सव्वाचार झाले. मी प्राध्यापिकाबाईंना फोन लावला, स्पीकरवर ठेवला. त्यांनी चक्क उचलला, आणि माझ्यासारखीसाठी वेळ काढून आईशी पाच मिनिटं नीट बोलल्या. पाणी का चढतंय, किती चढेल, कुठे अंदाज पक्का आहे आणि कुठे नाही. आईने सगळं ऐकून घेतलं. फोन संपल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "छान बोलतात. ते काकाही छानच बोलायचे." आणि लगेच, "लहानपणी तू खोटं बोललीस की मला लगेच कळायचं. आता मला कळत नाही गं. त्यात कशावर सही करू?"

मी आणखी पुष्कळ बोलले. ओरडले, रडले, तिच्या हातात पेन कोंबलं. तिने ते टेबलावर ठेवलं, सुई उचलली आणि पुढचं काज करायला घेतलं. पाचला पाच कमी असताना शेजारची बाई दारातून डोकावली आणि विचारलं, तुमचं झालं का सही करून? आई म्हणाली, "नाही, अजून ठरलेलं नाही."